चौकोनी घड्याळाचे चार कोपरे

कोणालाही "घड्याळाचे चित्र काढ" असे सांगा. तो आधी एक वर्तुळ काढील, मग त्यात बारा, तीन, सहा, नऊ हे आकडे मांडील आणि शेवटी दोन काटे काढील. चौकोन काढणारा क्वचितच भेटेल. तरीही बाजारात पाहिले तर चौकोनी, लंबचौकोनी, आठकोनी, पिंपासारखी मध्ये फुगलेली, अशी नाना आकारांची मनगटी घड्याळे काचेमागे मांडलेली दिसतात. पाटोद्याच्या एखाद्या छोट्या दुकानातसुद्धा दिसतात. आकार ही नुसती हौसेची बाब असावी, असे वाटणे साहजिक आहे. पण आमच्या महाविद्यालयातल्या मुलांनी एका पावसाळ्यात मला एक प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर हौसेत सापडेना. पाचसहा मुले सौताड्याचा धबधबा पाहायला गेली होती. विंचरणा नदी तेथे खोल दरीत उडी घेते आणि खाली उभे राहिले की तुषारांनी माणूस चिंब भिजतो. परत आल्यावर दोघांच्या घड्याळांत काचेच्या आतून धुके धरले होते आणि ती दोन्ही घड्याळे चौकोनी होती. बाकीच्यांची गोल होती, ती कोरडी राहिली. हा योगायोग की यात काही भौतिकशास्त्र आहे, असा त्यांचा प्रश्न होता.

पाचसहा घड्याळांवरून नियम काढता येत नाही, हे आधी सांगून टाकतो. पण प्रश्न चांगला आहे. त्याच्या मागे लागलो तर घड्याळाच्या आकाराची बरीच मोठी गोष्ट हाती लागते.

सुरुवात काट्यांपासून करू या. काटा एका टोकाला खिळलेला असतो आणि दुसरे टोक फिरते. असे टोक नेहमी वर्तुळच काढणार. आतली चाके गोल, मुख्य कमान ज्या डबीत गुंडाळलेली असते ती डबी गोल, डावी-उजवीकडे झुलणारे तोलचक्र (दुरुस्ती करणारे याला 'बॅलन्स' म्हणतात) तेही गोल. फिरणाऱ्या वस्तूंना राहायला गोल घर सोयीचे असते. शिवाय धातूची गोल वस्तू लेथवर फिरवून अचूक कातता येते. चौकोनी वस्तूची प्रत्येक बाजू वेगळी घासावी लागते. म्हणजे यंत्र, काटे आणि कारखाना या तिघांनीही कौल गोलाच्याच बाजूने दिलेला आहे.

मात्र घड्याळे पहिल्यापासून गोल होती असे समजू नका. सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपात गळ्यात किंवा कमरेला अडकवण्याची जी छोटी घड्याळे होत, त्यांत क्रूसाच्या, फुलाच्या कळीच्या, पुस्तकाच्या, इतकेच काय, माणसाच्या कवटीच्या आकाराचीही घड्याळे होती. ती दिवसाला कितीतरी मिनिटे मागेपुढे जात. वेळ पाहण्यापेक्षा दागिना म्हणूनच ती अधिक मिरवली जात. १६७५ साली डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स याने तोलचक्राला केसासारखी बारीक सर्पिल कमान जोडण्याची युक्ती प्रसिद्ध केली आणि चित्र पालटले. घड्याळे मिनिटांचा हिशेब नीट ठेवू लागली. मिनिटकाटा सर्रास दिसू लागला आणि अचूकपणाला किंमत आली तसे कळ्या-कवट्यांचे दिवस सरले. पुढची सव्वादोनशे वर्षे खिशातले घड्याळ म्हणजे गोल घड्याळ, असे समीकरणच झाले.

आता एक कागद, पट्टी आणि कोनमापक घ्या. ३० मिलिमीटर बाजूचा चौरस काढा आणि त्याच्या मध्यातून दर ३० अंशांवर एक रेघ बाहेरच्या कडेपर्यंत न्या. या रेघा जेथे कडेला भेटतील तेथे तासांचे आकडे येतील. बाराचा आकडा वरच्या बाजूच्या बरोबर मध्यावर येतो. एकचा आकडा त्याच्यापासून किती दूर येईल? मध्यापासून कड १५ मिमी दूर आहे, म्हणून हे अंतर १५ गुणिले टॅन ३०°, म्हणजे सुमारे ८.७ मिमी. एकपासून दोनपर्यंत कडेकडेने गेलात तर आधी कोपऱ्यापर्यंत ६.३ मिमी आणि कोपरा वळून पुन्हा ६.३ मिमी, एकूण जवळजवळ १२.७ मिमी. दोन्ही ठिकाणी गेला तो एकच तास. पण एका तासाला ८.७ मिमी जागा मिळाली आणि दुसऱ्याला १२.७! गोल तबकडीत असा पक्षपात नसतो. १५ मिमी त्रिज्येच्या वर्तुळावर प्रत्येक तासाला सारखेच ७.८५ मिमी मिळतात.

मिनिटांच्या खुणांचे असेच. बारानंतरचे पहिले मिनिट चौरसाच्या कडेवर सुमारे १.६ मिमी लांब, तर सहाव्यापासून सातव्यापर्यंतचे मिनिट सुमारे २.६ मिमी लांब. म्हणून चौकोनी तबकडीवर मिनिटांची पट्टी आखणारा कारागीर फूटपट्टीने सारखी अंतरे टाकून भागवू शकत नाही. समजा, त्याने तसे केलेच आणि मिनिटकाट्याचा रोख बाराचा आकडा व कोपरा यांच्या बरोबर मधोमध आहे. कोपऱ्याशी साडेसात मिनिटे होतात, तेव्हा सारख्या खुणांवरून तुम्ही पावणेचार मिनिटे वाचाल. खरा कोन मात्र सुमारे २६.६ अंश, म्हणजे जवळजवळ ४.४ मिनिटे झालेली असतात. चाळीस सेकंदांची ही चूक यंत्राची नव्हे, नुसत्या आखणीची.

आणखी एक अडचण पहा. काट्याला पूर्ण फेरी मारायची असल्याने त्याची लांबी १५ मिमीपेक्षा जास्त असू शकत नाही. पण मध्यापासून कोपरा २१.२ मिमी दूर आहे. काटा कोपऱ्याच्या दिशेला आला की त्याचे टोक आणि कोपरा यांच्यात सहा मिमीहून जास्त मोकळी जागा राहते आणि डोळ्याला मनातल्या मनात काटा पुढे वाढवून वाचावे लागते. चौकोनी घड्याळात वेळ पाहताना क्षणभर अडखळल्यासारखे होते ते यामुळे.

इतके तोटे असताना चौकोनी घड्याळ परत आले कसे? ते आले मनगटावरून. ब्राझीलचा आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ हा पॅरिसमध्ये राहून वायुनौका आणि पुढे विमाने उडवणारा धाडसी माणूस. उडताना दोन्ही हात यंत्रावर. खिशातून घड्याळ काढायचे कसे? त्याच्या या तक्रारीवरून त्याचा मित्र लुई कार्तिए याने १९०४ साली त्याच्यासाठी पट्ट्याने मनगटावर बांधायचे घड्याळ करवून घेतले. त्याची डबी चौकोनी, कोपरे मात्र गोलावलेले होते. पट्ट्याच्या दोन्ही कडा एकमेकींना समांतर असतात, त्यामुळे समांतर बाजूंची डबी पट्ट्याशी सहज जुळते. गोल डबीला पट्टा जोडायला मात्र चार शिंगे बाहेर काढावी लागतात. कार्तिएच्याच १९१७ सालच्या 'टँक' या लंबचौकोनी घड्याळात डबीच्या दोन बाजूच पुढे वाढून पट्ट्याला धरतात. पुढे घड्याळे इतकी लांबट झाली की मनगटाच्या गोलाईवर ती बसेनात, तेव्हा ग्रुएन या अमेरिकी कंपनीने १९३५ साली आतले यंत्रच बाकदार करून पाहिले.

पण लंबचौकोनाचा खरा उपयोग ज्या घड्याळात झाला, त्याचा जन्म आपल्या देशातल्या एका खेळामुळे झाला असे सांगतात. पोलो म्हणजे घोड्यावर बसून लांब दांड्याने चेंडू टोलवायचा खेळ. तो मणिपुरात पूर्वापार होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तो इंग्रजांनी उचलला आणि त्यांच्या छावण्या होत्या तेथे तेथे नेला. त्या काळी घड्याळाची काच ही खरोखरची काच असे, आजच्यासारखे कठीण स्फटिक नव्हे. दांड्याचा किंवा चेंडूचा एक फटका बसला की तिचा चुरा. १९३०-३१ च्या हिवाळ्यात सेझार द त्रे हा स्विस व्यापारी हिंदुस्थानात आला होता. एका सामन्यानंतर एका इंग्रज अधिकाऱ्याने त्याला आपले फुटक्या काचेचे घड्याळ दाखवले आणि हा मार सोसेल असे काही करता येईल का, असे विचारले, अशी हकीकत सांगतात.

तुम्ही असता तर काय केले असते? झाकण लावणे हा एक उपाय. पण बिजागरीचे झाकण घोड्यावर उघडत-मिटत बसणार कोण! रने-आल्फ्रेद शोव्हो या अभियंत्याने वेगळाच मार्ग काढला. ४ मार्च १९३१ रोजी पॅरिसमध्ये त्याच्या कल्पनेसाठी एकस्वाचा अर्ज दाखल झाला. कल्पना अशी की, घड्याळाची डबी एका चौकटीत बसवायची. डबी बाजूला सरकवायची, पालथी करायची आणि पुन्हा जागेवर सरकवायची. आता काच मनगटाकडे आणि धातूची पाठ बाहेर. फटका बसायचा तो पाठीवर बसू दे. या घड्याळाचे नाव 'रिव्हर्सो'. लॅटिनमध्ये याचा अर्थ 'मी उलटतो' असा होतो.

येथे आकाराचे काम पहा. डबी सरकायची तर वरच्या आणि खालच्या बाजू सरळ व एकमेकींना समांतर हव्यात, म्हणजे त्या खाचेतून खिडकीच्या सरकत्या काचेसारख्या जातील. गोल डबी अशा दोन समांतर पट्ट्यांना फक्त एकेका बिंदूत टेकेल आणि डगमगत स्वतःभोवती फिरू लागेल. शिवाय डबी पालथी केल्यावर ती त्याच चौकटीत बसली पाहिजे, म्हणजे उभ्या मध्यरेषेच्या दोन्ही अंगांना तिचा आकार सारखा हवा. या दोन्ही अटी आयत सहज पाळतो. आयताकृती घड्याळे अनेक झाली, पण आयताशिवाय ज्याचे चाललेच नसते असे माझ्या मते हे एकच.

तरी कोपऱ्यांनी आपली किंमत वसूल केलीच. रिव्हर्सो तयार करणाऱ्या स्वित्झर्लंडमधल्या लकूल्त्र कारखान्याजवळ सुरुवातीला त्या अरुंद डबीत मावेल असे योग्य यंत्रच नव्हते. पहिल्या घड्याळांसाठी तावान नावाच्या दुसऱ्या कारखान्याचे यंत्र घ्यावे लागले. अरुंद यंत्र करणे इतके अवघड का?

तोलचक्र हे घड्याळाचे हृदय. त्याच्या एका झोक्याला लागणारा काळ दोन गोष्टींवर ठरतो, केसकमानीच्या ताठरपणावर आणि चक्राच्या जडत्व-परिबलावर. हे परिबल वस्तुमान आणि त्रिज्येचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. समजा, वस्तुमान तेच ठेवून चक्राची त्रिज्या निम्मी केली. परिबल एकचतुर्थांश झाले. असे हलके चक्र धक्क्याने, तेल घट्ट झाल्याने किंवा मनगट वळल्याने चटकन बिचकते आणि त्याचा झोका बिघडतो. मोठे चक्र अशा छोट्या कुरबुरींना दाद देत नाही. रिकामी सायकल आणि गव्हाचे पोते लादलेली सायकल यांना वाऱ्याची एकच झुळूक लागली तर काय होईल ते आठवा. अरुंद डबीत मोठे चक्र मावत नाही आणि मुख्य कमानीची डबीही लहान करावी लागते, म्हणजे चावी दिल्यावर साठणारी ऊर्जाही कमी. अशा चिमुकल्या यंत्रांचा कळस म्हणजे याच कारखान्याने १९२९ साली केलेले '१०१' क्रमांकाचे यंत्र. लांबी १४ मिमी, रुंदी ४.८ मिमी, जाडी ३.४ मिमी आणि वजन एक ग्रॅमच्या आसपास! ते अप्रतिम आहे, पण ते दागिन्यात शोभते, रेल्वेच्या गार्डाच्या हाती नव्हे.

म्हणूनच बहुतेक चौकोनी घड्याळे मुळात चौकोनी नसतातच. एखाद्या ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला विनंती करून स्वस्त चौकोनी घड्याळाची पाठ उघडून पहा. आत पुष्कळदा गोल किंवा गोलसर यंत्र, भोवती प्लॅस्टिकचे पांढरे कडे आणि चार रिकामे कोपरे दिसतील. बाहेरून वाडा, आत झोपडी!

आता सौताड्याच्या धुक्याकडे वळू. गोल घड्याळाच्या पाठीला आटे पाडता येतात आणि ती बरणीच्या झाकणासारखी फिरवून घट्ट बसवता येते. मध्ये असलेले रबरी कडे सगळीकडून सारखे दाबले जाते. चौकोनी झाकण फिरवून बसवताच येत नाही. त्याला नुसते दाबून बसवावे लागते किंवा चार कोपऱ्यांत चार स्क्रू लावावे लागतात. स्क्रूजवळ रबर चांगले दाबले जाते, पण लांब सरळ बाजूच्या मध्यावर झाकण किंचित उचलले जाते. पाण्याला तेवढी फट पुरते.

पण मुले पाण्यात बुडाली नव्हती, त्यांच्यावर नुसते तुषार उडत होते. मग पाणी आत ढकलले कोणी? ढकलले नाही, ओढले. डबीत थोडी हवा असते. मनगटाच्या उबेने आणि उन्हाने ती ३५ अंश सेल्सियसला असेल असे धरू. धबधब्याचे पाणी २० अंशांचे. घड्याळ एकदम थंड झाले तर आतल्या हवेचा दाब केवल तापमानाच्या प्रमाणात उतरतो, ३०८ वरून २९३, म्हणजे जवळजवळ पाच टक्के. वातावरणाचा दाब सुमारे १० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका असतो. त्याचे पाच टक्के म्हणजे अर्धा मीटर. याचा अर्थ, फट असलेले घड्याळ गार पाण्याने भिजले की ते अर्धा मीटर खोल पाण्यात धरल्यासारखेच पाणी आत खेचते! आत गेलेल्या थेंबाची वाफ होते आणि थंड काचेवर ती दवासारखी जमते. हे दव दिसले तर घड्याळ उन्हात ठेवून वाट पाहत बसू नका. धुके नाहीसे होईल, ओल आतच राहील आणि चाकांना गंज चढेल. सरळ दुरुस्तीवाल्याकडे नेऊन पाठ उघडून घ्या. आणि पाण्याजवळ जाण्यापूर्वी चावी पूर्ण आत दाबलेली आहे ना ते पहा. गोल असो की चौकोनी, चावीचे भोक दोघांनाही असते आणि तेथूनही पाणी शिरते.

चौकोनाने या लढाईत हार मानली असे मात्र नाही. रोलेक्स कंपनीच्या १९२६ सालच्या 'ऑयस्टर' घड्याळाची हकीकत मोठी गमतीची आहे. त्याच्या सुरुवातीच्या कित्येक डब्या बाहेरून आठकोनी होत्या, पण पाठ, चावी आणि काचेभोवतीचे कडे गोल व आट्यांचे. कोपरे दिसायला, वर्तुळ कामाला! २१ ऑक्टोबर १९२७ रोजी मर्सिडीझ ग्लाइट्झ ही इंग्लिश खाडी पोहणारी तरुणी असे घड्याळ गळ्यात घालून पाण्यात उतरली. कडक थंडीमुळे त्या दिवशी तिला खाडी पार करता आली नाही, पण दहा तासांहून अधिक काळ पाण्यात राहिलेले घड्याळ चालू होते. ओमेगा कंपनीने १९३२ साली त्याहून वेगळी युक्ती केली. त्यांचे 'मरीन' हे घड्याळ चक्क लंबचौकोनी होते. एका डबीत दुसरी डबी, काड्यापेटीच्या खोक्यात आतला भाग सरकावा तशी. बाहेरून पाण्याचा दाब वाढला की दोन्ही डब्या एकमेकींवर आणखी घट्ट बसत. १९३६ साली ते जिनिव्हाच्या सरोवरात ७३ मीटर खोल सोडले, तरी कोरडे राहिले. शत्रूच्याच जोरावर दार बंद करण्याची ही कल्पना मला आट्यांपेक्षाही आवडते.

भारतात मनगटी घड्याळ घराघरांत नेले ते एचएमटीने. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळुरूत तिचा घड्याळांचा कारखाना उभा राहिला. आपल्या भागातल्या किती जावयांच्या मनगटांवर लग्नात ती घड्याळे चढली असतील याची गणती नाही. आजोबांच्या पेटीत आजही एखादे सापडेल आणि ते बहुधा गोल असेल. सरकारने २०१६ साली तो उद्योग बंद करण्याचा निर्णय घेतला. पण त्याच्या कितीतरी आधी आकाराचा प्रश्नच बदलला होता. १९६९ च्या डिसेंबरात जपानच्या सायको कंपनीने पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणले. पुढे तर क्वार्ट्झच्या स्फटिकाचा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा, काही मिलिमीटर लांबीचा दुबेळक्या काट्यासारखा तुकडा वेळ मोजू लागला. त्याला डबी गोल आहे की तिरकी याच्याशी काही देणेघेणे नाही. १९७२ साली 'पल्सर' या घड्याळाने काटेही काढून टाकले आणि लाल आकडे दाखवले. आकडे ओळीत लिहायचे असतात आणि ओळीला आयत शोभतो. ज्या फिरण्यामुळे घड्याळ गोल झाले होते ते फिरणेच थांबले. मोबाइलशी जोडायची जी चौकोनी घड्याळे हल्ली दिसतात ती याच वाटेने आली. गंमत अशी की त्यांच्या चौकोनी पडद्यावरही लोक हौसेने गोल तबकडी आणि काटे उमटवून घेतात.

शेवटी तुमच्या कोनमापकाला आणखी थोडे काम देतो. ४० मिमी उंच आणि २० मिमी रुंद अशी लंबचौकोनी तबकडी काढा आणि पूर्वीसारख्याच ३० अंशांच्या रेघा मारा. एकचा आकडा या वेळी वरच्या बाजूवर राहत नाही, तो उजव्या उभ्या बाजूवर उतरतो. चौरसात तो वर होता, येथे बाजूला गेला. म्हणजे उंची हळूहळू वाढवत नेली तर मध्ये कधीतरी तो नेमका कोपऱ्यातच येणार. त्या वेळी उंची रुंदीच्या किती पट असेल? टॅन ३०° ची किंमत समोर ठेवून पहा.